वेबसाइट हलवली आणि गूगलमधून गायब झाली? आधी जुन्या पत्त्याचं काय केलंत ते बघा

तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये किंवा फेसबुकच्या जुन्या पोस्टमध्ये २०१५-१६ सालची एखाद्या मराठी ब्लॉगची लिंक सापडते का बघा. तिच्यात 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' असं असेल, तर २०२० मध्ये तिथे लेख मिळेनासा झाला होता. आता त्यातलं फक्त 'इन' काढून 'कॉम' करा आणि परत उघडा. लिहिणाऱ्याने स्वतःच ब्लॉग पुसला नसेल, तर लेख जिथल्या तिथे सापडेल.

म्हणजे लेख कुठेच गेलेला नव्हता. हरवला होता तो फक्त पत्ता.

झालं असं, की २०१२ मध्ये गूगलने ब्लॉगस्पॉटच्या ब्लॉगांना देशानुसार पत्ते द्यायला सुरुवात केली. भारतातून कुणी 'कॉम' उघडलं की ब्राउझर आपोआप 'इन' वर जायचा. आपण मोबाइलच्या ॲड्रेस बारमधून लिंक कॉपी करतो, त्यामुळे सगळीकडे 'इन'च फिरत राहिलं. पुढे ती पद्धत बंद झाली. आणि २०२० च्या पावसाळ्यात 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' हे नावच गूगलच्या ताब्यातून गेलं आणि दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदलं गेलं. मराठी, हिंदी, तमिळ अशा कितीतरी भाषांतल्या ब्लॉगांच्या लिंका त्यामुळे एकदम मेल्या. मजा म्हणजे गूगलच्या सर्चला फारसा धक्का बसला नाही, कारण प्रत्येक पानाच्या कोडमध्ये 'माझा मूळ पत्ता कॉमवाला आहे' अशी एक ओळ होती. तिला कॅनॉनिकल टॅग म्हणतात. तुटलं ते माणसांनी माणसांना पाठवलेलं.

मला हे आठवतं कारण तेव्हा मी लॉकडाउनमध्ये सोनपेठला घरी अडकलो होतो. मामाचं गावात खत-बियाण्याचं दुकान आहे आणि तो २०१३ पासून शेतीवर ब्लॉग लिहितो. त्यातला एक लेख आमच्या भागात बराच फिरायचा: पेरणीच्या आधी सोयाबीनचं बी उगवतं का ते घरी कसं तपासायचं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याच्या आत कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी तीस किलो बी पुरतं. कमी आले तर बी वाढवायचं, फारच कमी आले तर ते पेरायचंच नाही. एवढाच लेख.

त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. लोक दुबार पेरणीच्या तयारीत होते आणि नेमकी तेव्हाच ग्रुपवरची ती लिंक उघडेना. मामाच्या बिलबुकावर खाली ब्लॉगचा पत्ता छापलेला होता, तोही 'इन'वाला. मामा म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर ना? मग माझा लेख गेला कुठं?" मी दोन मिनिटांत 'कॉम' करून दाखवला. पण गोदाकाठच्या गावातल्या माणसाला ते कोण सांगणार? मामा कित्येक दिवस प्रत्येक बिलावर पेनने 'इन' खोडून 'कॉम' लिहीत होता.

त्याच आठवड्यात आम्ही स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं आणि ब्लॉगरला जोडलं. हे बरोबर केलं. ब्लॉगरमध्ये स्वतःचं डोमेन जोडलं की जुना 'कॉम' पत्ता आपोआप नव्याकडे पाठवतो आणि लेखाचा पुढचा मार्ग तोच राहतो.

चूक पुढे २०२३ मध्ये झाली. ती मी केली.

गूगलमध्ये 'वर' येणं म्हणजे नेमकं काय

ती चूक समजायला आधी एक गोष्ट. गूगल तुमच्या 'वेबसाइट'ला एक नंबर देतं असं आपण बोलताना म्हणतो, पण शोधात येतं ते पान. आणि पान ओळखलं जातं त्याच्या पत्त्यावरून, म्हणजे यूआरएलवरून. त्या पानावर काय लिहिलंय, दुसऱ्या कुठल्या पानांनी त्याच्याकडे बोट दाखवलंय, हा सगळा हिशेब त्या पत्त्याच्या खात्यावर जमा होतो. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकचा गाभा हाच होता: एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्याबद्दल शब्द टाकला. आज गूगल इतर पुष्कळ गोष्टी बघतं, पण लिंकचं वजन संपलेलं नाही.

पत्ता बदलला की गूगलच्या लेखी ते नवं पान. खातं रिकामं. जुन्या पत्त्यावर लोक येतात, '४०४, पान सापडलं नाही' बघतात आणि मागे फिरतात.

यावर उपाय म्हणजे रिडायरेक्ट. मराठी विकिपीडियावर याला पुनर्निर्देशन म्हणतात. दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं की जुन्या शटरवर पाटी लावतो ना, 'आमचे दुकान मारुती मंदिरामागे गेले आहे', तसंच. फक्त पाटी दोन प्रकारची असते. ३०१ म्हणजे 'कायमचे गेलो', ३०२ म्हणजे 'रंगकाम चालू आहे, थोडे दिवस तिकडे बसतोय'. ३०२ लावलं तर गूगल बराच काळ जुनाच पत्ता खरा धरून चालतं. पाटीमुळे पानाची पत कमी होत नाही, हे गूगलच्या लोकांनी २०१६ मध्येच सांगितलंय. कायमचं जायचं असेल तर ३०१. यात विचार करण्यासारखं काही नाही, तरी होस्टिंगच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या प्लगिनमध्ये चुकून ३०२ राहिलेलं मी कामावरही पाहिलंय.

माझी चूक: सगळ्यांना एकाच दारात

२०२३ मध्ये मी पुण्यात नोकरीला होतो. मामाला ब्लॉगर सोडून वर्डप्रेसवर यायचं होतं. मी म्हटलं, शनिवार-रविवारचं काम आहे.

डोमेन तेच राहणार होतं, पण आतले मार्ग बदलणार होते. तुम्ही मराठी ब्लॉग वाचत असाल तर ब्लॉगरचे पत्ते ओळखीचे असतील. वर्ष, महिना आणि मग 'ब्लॉग-पोस्ट_१२' असलं काहीतरी. ब्लॉगर शीर्षकातली फक्त रोमन अक्षरं आणि आकडे घेतो. शीर्षक पूर्ण मराठी असलं की हाती काहीच उरत नाही, म्हणून तो सरसकट 'ब्लॉग-पोस्ट' नाव देतो आणि पुढे आकडा लावतो. वर्डप्रेस उलट करतं, मराठी शीर्षकच पत्त्यात घेतं. म्हणजे प्रत्येक लेखाचा पत्ता बदलणार.

शंभरेक लेखांची जुना-नवा अशी यादी करायचा मला कंटाळा आला. मी एकच नियम लिहिला: जुन्या पद्धतीचा कुठलाही पत्ता आला की पाठव होमपेजवर. ३०१ लावलं, उघडून बघितलं, चाललं. झोपलो.

हे चालत नाही. सोयाबीनच्या उगवणीचा लेख मागितलेल्या माणसाला तुम्ही होमपेजवर आणून सोडता, तो तिथे शोधत बसत नाही. आणि गूगललाही ते कळतं. मागितलेलं एक आणि दिलेलं भलतंच, असं दिसलं की गूगल त्याला 'सॉफ्ट ४०४' समजतं, म्हणजे पान मेलंय असंच धरतं. पाटी असून नसल्यासारखी. दोन-तीन आठवड्यांत मामाचे लेख शोधातून एकेक करून पडले. ऐन मे महिन्यात, लोक पेरणीआधी बी तपासायच्या शोधात असताना. मामा फोनवर रागावला नाही. "जुनंच बरं होतं का रे?" एवढंच म्हणाला, ते जास्त लागलं.

मग जी यादी आधी करायला हवी होती ती केली. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याच लेखाचा नवा पत्ता. जुने पत्ते गोळा करायला गूगल सर्च कन्सोल कामाला आलं. त्यात मागच्या १६ महिन्यांची माहिती असते: कोणतं पान कोणते शब्द टाकून शोधलं गेलं, किती जणांनी उघडलं, बाहेरून कोणत्या पानांना लिंका आहेत. साइट हलवायच्या आधी ही यादी उतरवून ठेवा. हलवल्यावर आठवण करून काढायला गेलात तर हमखास काहीतरी सुटतं. ज्या लेखाला नव्या साइटवर जागाच नाही, त्याला उगाच कुठेतरी ढकलू नका. त्याच विषयाचा दुसरा चांगला लेख असेल तर तिकडे पाठवा, नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० येऊ द्या.

यादी लावली आणि तरीही बरेच पत्ते जुळेनात. एक कारण लगेच सापडलं. ब्लॉगरचा लेख मोबाइलवर उघडला की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि 'एम बरोबर १' लागतं. आमच्याकडे ब्लॉग वाचणारे जवळपास सगळे मोबाइलवाले, त्यामुळे फिरणाऱ्या लिंकांना ते शेपूट होतंच. माझा नियम शेपूट नसलेलाच पत्ता ओळखायचा. नियमात एक बारीक बदल केला आणि ते सुटलं.

दुसरं कारण सापडायला मला दोन रात्री लागल्या.

देवनागरी पत्त्यांची गंमत

ब्राउझरमध्ये तुम्हाला पत्ता मराठीत दिसतो, पण प्रत्यक्षात इंटरनेटवर तो रोमन अक्षरं, आकडे आणि टक्क्याच्या चिन्हांत जातो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी, तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात नऊ अक्षरांची जागा खातं. 'सोनपेठ' हा शब्द घ्या: स, ओकार, न, प, एकार, ठ. सहा चिन्हं, म्हणजे पत्त्यात ५४ अक्षरं! व्हॉट्सॲपवर मराठी साइटची लिंक पाठवली की टक्के-टक्के असलेली लांबलचक शेपटी दिसते ती हीच.

आता वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये लेखाच्या पत्त्याला जागा आहे २०० अक्षरांची. इंग्रजी शीर्षकाला ती भरपूर झाली. मराठीत २२ चिन्हांत खेळ खलास. मामाच्या लेखाचं शीर्षक होतं 'पेरणीपूर्वी सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता घरच्या घरी कशी तपासावी'. वर्डप्रेसने त्याचा पत्ता केला 'पेरणीपूर्वी-सोयाबीन-बिया'. तिथेच कापला. मामाचा दुसरा लेख होता पेरणीपूर्वी सोयाबीन बियाण्याला बीजप्रक्रिया कशी करावी यावर. तोही कापून तिथेच आला! दोन लेखांना एक पत्ता चालत नाही म्हणून वर्डप्रेसने दुसऱ्याचं आणखी एक चिन्ह खाल्लं आणि शेपटीला २ लावला. मी यादी बनवताना पूर्ण शीर्षक गृहीत धरलं होतं. काही लेख ४०४ वर गेले, काही एकमेकांच्या घरी.

आणि तिसरी गंमत, जी फक्त आपल्याच वाट्याची. मामाचा एक लेख ई-पीक पाहणीच्या ॲपवर होता. ते ॲप राज्यभर आलं २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा तो लेख खूप उघडला गेला. यादीत पत्ता बरोबर, साइटवर लेख हजर, तरी ४०४. शेवटी दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवून त्यांचे युनिकोड आकडे काढले. मामाच्या कीबोर्डवर 'अॅप' होतं: 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. माझ्या फोनवर 'ॲप' होतं: 'ॲ' हे एकच अक्षर. दिसायला सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, म्हणून दोन वेगळे पत्ते.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. शीर्षक, लेख, सगळं मराठीत लिहा, पण पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवा, तीन-चार शब्दांचा. वर्डप्रेसमध्ये लेख प्रसिद्ध करण्याआधी तो हाताने बदलता येतो. देवनागरी पत्ते गूगलला चालतात, त्यात वावगं काही नाही, आणि भाषेच्या प्रेमापोटी कुणी ठेवत असेल तर मी भांडणार नाही. पण मग यादीत पत्ते हाताने टाइप करू नका, साइटवरूनच कॉपी करा.

घरातल्या लिंका आणि बाहेरच्या

मामाच्या लेखांत एकमेकांच्या लिंका होत्या, 'बीजप्रक्रियेबद्दल इथे वाचा' अशा. त्या सगळ्या जुन्या पत्त्यांवर जात होत्या आणि तिथून रिडायरेक्ट होऊन नव्यावर. चालतं, पण आपल्याच घरात आपण पाटी वाचून का फिरायचं? त्या थेट नव्या केल्या. पाट्यांची साखळीही करू नका, म्हणजे पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत मागे येतो, पण आमच्या भागातल्या नेटवर्कवर माणूस त्याच्या खूप आधी कंटाळतो.

बाहेरच्या साइटवरच्या लिंका आपल्या हातात नसतात. ज्यांना विचारता येईल त्यांना विचारायचं, बाकीचं रिडायरेक्टवर सोडायचं. फेकाफेकी करून लिंका विकत घेऊ नका. 'पाचशे रुपयांत हजार बॅकलिंक' असले मेसेज येतात, त्याने साइट वर येण्याऐवजी खड्ड्यात जाते.

मजकुराला हात लावताना

पत्ते जुळले आणि बरेचसे लेख परत आले. सोयाबीनचा लेख मात्र येईना, कारण नवी साइट 'छान' दिसावी म्हणून मी त्याचं वाटोळं केलं होतं. सगळी कृती एका रंगीत चित्रात बसवली होती आणि खाली दोन ओळी. चित्रातली अक्षरं आपल्याला दिसतात, पण सर्चसाठी पानावर शब्दच उरले नव्हते. 'गोणपाट' नाही, 'शंभर दाणे' नाही, 'बी उगवतं का' नाही. सर्च कन्सोलच्या जुन्या यादीत लोकांनी टाकलेले शब्द नेमके हेच होते. 'उगवणक्षमता' हा शब्द कृषी विभागाचा, शेतकरी 'उगवण' किंवा 'उगवणशक्ती' असंही टाकतो. जुना मजकूर जसाच्या तसा परत टाकला, चित्र खाली ठेवलं.

नावांचंही तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईकांचं नाव मिळालं, पण मामाचे जुने गिऱ्हाईक अजून 'मराठवाडा कृषी विद्यापीठ' म्हणतात, आणि सोयाबीनच्या 'एमएयूएस' वाणांच्या नावात तर ते जुनं नाव अजून आहेच. उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर-अहिल्यानगर, सगळीकडे तेच. लेखात नवं नाव लिहा आणि एकदा जुनंही येऊ द्या, कारण शोधणारा कोणतं टाकेल ते सांगता येत नाही.

मामाचे काही अगदी जुने लेख डीटीपीवाल्याकडच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. युनिकोडच्या आधीचे असे फॉन्ट मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरांची खिचडी असते. ते जसेच्या तसे वेबवर टाकले तर गूगलला त्यात मराठी दिसतच नाही. युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात.

घाईत असाल तर वर्डप्रेसची एक जागा तरी बघा. 'रीडिंग' सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना लांब ठेवणारी एक चौकट असते. साइट बनत असताना तिच्यावर टिक करतात आणि नंतर काढायला विसरतात. मग वरचं सगळं करूनही काही उपयोग नाही.

ऑगस्टपर्यंत लेख बऱ्यापैकी जागेवर आले. तोवर त्या खरिपाची पेरणी होऊन गेली होती. पुढच्या मे महिन्यात उगवणीच्या लेखावर परत लोक दिसायला लागले.

रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. मामाकडे ते काढायचा प्रश्नच नाही. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होण्यावर टाकलंय, नोंदणी मामाच्या नावावर आणि मामाच्याच मोबाइलवर आहे, माझ्या नाही. दुकानावर २०२१ मध्ये लावलेला फ्लेक्स अजून आहे, उन्हाने पार फिका पडलाय. त्यावरचा क्यूआर कोड त्या उगवणीच्या लेखाच्या 'ब्लॉग-पोस्ट'वाल्या पत्त्यावर जातो. मी गावी गेलो की दर वेळी तो स्कॅन करून बघतो.